डबा उघडायचा मान

"अनुप्रिता, उघड गं डबा," सर म्हणाले, आणि मी हातातली वाटी टेबलावर अशी आपटली की शेजारच्या संग्रामच्या ताकाचे शिंतोडे त्याच्याच शर्टावर उडाले.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"निसटली."

निसटली कसली! लागोपाठ कितवा तरी शनिवार होता तो, आणि दर शनिवारी तेच. अनुप्रिता, उघड गं डबा. ती आपली "थँक्यू, सर" म्हणत उठायची, ओढणी सावरायची आणि नाजूक बोटांनी त्या दांडग्या डब्याची कडी खटकन वर करायची. त्या खटक्यानं माझ्या काळजात काय व्हायचं ते माझं मला माहीत.

आता हे डब्याचं काय प्रकरण ते सांगते. कोल्हापुरात विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात आमची लॅब होती, नलवडे सरांची. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी आम्ही चार टाळकी. शनिवारी दुपारी मीटिंग व्हायची. आठवडाभर कुणी काय केलं ते उभं राहून सांगायचं, बाकीच्यांनी त्याला सोलून काढायचं. मीटिंग संपली की जेवण. सरांच्या घरून काकूंचा चार खणांचा डबा यायचा. खालच्या खणांत भाकरी, खर्डा, भरलं वांगं, आणि सगळ्यात वरच्या खणात काहीतरी गोड. आपापले डबे आम्ही आणायचोच, पण काकूंचा मधोमध असायचा आणि तो उघडायचा मान ज्याचं काम त्या आठवड्यात टिकलं त्याचा. 'टिकलं' हा सरांचा शब्द. नुसता आकडा आला म्हणजे काम झालं असं ते मानायचे नाहीत. चौघांनी ढोसून पाहिल्यावरही उभा राहिला, तर टिकला. ज्यानं डबा उघडला त्यानं वरच्या खणातलं पहिलं उचलायचं.

एवढाच मान. पण तो माझा होता. अनुप्रिता दामले पुण्याहून यायच्या आधी निम्म्याहून जास्त शनिवार तो डबा मी उघडला होता. सर मला "पोरी" म्हणायचे. सगळ्यांना नव्हे, मला. इचलकरंजीच्या माग चालवणाऱ्या सदाशिव चौगुल्यांची कुमुदिनी, घरात पहिली कॉलेजात गेलेली, तिला एवढा मोठा माणूस पोरी म्हणतो, याचंच मला केवढं अप्रूप! आणि मग ही आली. आल्या आल्या सर तिला काय म्हणाले? "पोरी, सामान कुठं ठेवलंस?"

त्या दिवसापासून माझं पित्त खवळलं ते खवळलंच.

तशी मुलगी वाईट होती असं नाही. हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ती हसतमुख. दुसऱ्याच्या काचेच्या नळ्यासुद्धा धुऊन ठेवणारी. "कुमुदिनी, तुझ्या हाताला काय सुरेख वळण आहे गं, एक थेंब इकडचा तिकडे होत नाही," असं तोंडावर म्हणायची, आणि खरंच मनापासून म्हणायची. पण भाकरी चमच्यानं खायची. भाकरी! चमच्यानं! आणि हसायची अशी की लॅबच्या त्या टोकाला ती हसली की इकडं माझ्या हातातलं पिपेट हलायचं. डोळे मिटता येतात हो, कान कुठं मिटता येतात?

बरं, दोघींचं कामही एकच. ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यातली एक वीट समजा. आपल्या शरीराला ती बनवता येत नाही, डाळी-दुधातून मिळवावी लागते. जंतू मात्र आपली आपण बनवतात, आणि ती बनवणारं एन्झाइम त्यांच्याकडं असतं. आमचं काम असं, की रानातल्या एखाद्या जंतूमधला त्या एन्झाइमचा जीन काढायचा, तो लॅबमधल्या पाळीव ई. कोलाय जंतूत घालायचा आणि त्याच्याकडून एन्झाइम करवून घ्यायचं. कृती आपली, आचारी भाड्याचा. मग तो जंतू फोडायचा, त्याचा रस काढायचा आणि रसात आपलं एन्झाइम काम करतंय का ते बघायचं.

माझा जीन कागलकडच्या माझ्या मामाच्या गुऱ्हाळामागच्या चिखलातल्या जंतूचा. म्हणून माझ्या एन्झाइमचं नाव मी 'गुळव्या' ठेवलं होतं. गुळव्या बनायचा भरपूर, इतका की प्रथिनं वेगवेगळी करून बघायच्या जेलवर त्याची ही जाड पट्टी उमटायची. लोक बघून म्हणायचे, वा! अनुप्रिताचा जीन कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जंतूचा. तिची पट्टी बारीक, काडीसारखी. पण काम बघाल तर माझ्या चौपट.

चौपट! आणि हे सगळं नेमकं त्याच वर्षी, ज्या वर्षी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं सरांना कळवलं, की याच एन्झाइमवर काम करायला तुमचा एक विद्यार्थी पाठवा, राहण्या-जेवण्याचं आम्ही बघतो. एक. दोन नव्हे. सरांनी नाव महिनाअखेरीला कळवायचं होतं. मी घरी सांगून बसले होते आणि वडिलांनी, आमच्या अण्णांनी, तर अख्ख्या पेठेला सांगितलं होतं. कुमी जर्मनीला जाणार. शेजारचे बापूकाका मला विचारायचे, "तिकडं म्हणे मागावर माणूसच लागत नाही, खरं काय गं?"

तर त्या ताक सांडलेल्या शनिवारी सगळे वरच्या खणातले रव्याचे लाडू खात होते आणि मी अनुप्रितानं मीटिंगमध्ये दाखवलेला आलेख डोक्यात घोळवत होते. तिच्या एन्झाइमचा उंच खांब. बाजूला, तुलनेला, उकळून मारलेल्या रसाचा शून्य. झालं. मग सर म्हणाले, "बास, भूक लागली, उरलेलं पुढच्या वेळी," आणि सगळे उठले.

मी लाडू खाली ठेवला. रिकामा कुठं होता?

"संग्राम," मी हळूच म्हटलं, "हिनं रिकाम्याचा कंट्रोल दाखवला नाही."

संग्राम माने आमच्या लॅबमधला सगळ्यात सुखी प्राणी. त्याला ना जर्मनीची हाव, ना डब्याच्या मानाची, फक्त डब्याची. तो म्हणाला, "कसला रिकामा?"

"अरे, ई. कोलाय पण जंतूच ना? त्याच्याकडंही त्याचं स्वतःचं ट्रिप्टोफॅनचं एन्झाइम असतंच की! जीन न घातलेला, नुसता, रिकामा ई. कोलाय फोडला तरी त्याच्या रसात थोडंफार काम होणारच. हिचं जे चौपट चौपट म्हणून चाललंय, ते कशावरून हिच्या एन्झाइमचं? आचाऱ्यानं स्वतःसाठी शिजवलेलंच ही आपलं म्हणून वाढत असेल तर?"

"मग विचार की तिला."

"मी? तिला?"

"तोंड आहे की तुला. चांगलं दांडगं आहे."

"जी बाई भाकरी चमच्यानं खाते तिला मी जाऊन विचारू, की बाई, तू कंट्रोल लावलास का? म्हणजे रातोरात लावून मोकळी होईल. नाही. मी लावणार. आणि सगळ्यांसमोर सांगणार."

संग्रामनं माझ्याकडं बघितलं, मग उरलेल्या लाडवाकडं. "कुमे, तुझं डोकं तापलंय. लाडू नको असेल तर दे इकडं."

सोमवारीच मी कामाला लागले. जंतू हलवत वाढवायच्या शेकरशेजारच्या रॅकमधला आमचा नेहमीचा ई. कोलाय घेतला, त्यात काहीच घातलं नाही, नुसता वाढवला. मग फोडला, रस काढला. आयुष्यात एवढ्या निगुतीनं मी काही केलं नसेल. गुळव्याचंसुद्धा नाही. माझ्या स्वतःच्या प्रयोगात कधी बर्फ वितळलं तर मी म्हणायचे, चालतंय. इथं मात्र बर्फ वितळायच्या आत नवं. पिपेट दोनदा तपासलं. उद्या कुणी उठून म्हणायला नको, की कुमुदिनीनं जळून प्रयोग बिघडवला. जळत तर होतेच, पण प्रयोग बिघडवणाऱ्यातली मी नव्हे. मला ती खऱ्याखुऱ्या प्रयोगानं आडवी झालेली बघायची होती.

तपासायची रीत सोपी. इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. बाटली उघडली की लॅबभर असा वास सुटतो की नाक मुठीत धरून बसावं. ते नळीत घालायचं, त्यात रस घालायचा. एन्झाइम जिवंत असेल तर इंडोल वापरून ट्रिप्टोफॅन बनवतं. शेवटी रंगाचं औषध टाकायचं. इंडोल शिल्लक असेल तर नळी लालभडक होते, संपलेलं असेल तर फिकी राहते. म्हणजे आमच्यात लाल वाईट आणि फिकं चांगलं.

रिकाम्याची नळी, उकळलेल्याची नळी, अशा ओळीनं मांडल्या. माझ्या गुळव्याची नळी मी त्यात ठेवलीच नाही. कशाला ठेवू? तपासणी तिची चालली होती.

औषध टाकलं. उकळलेली नळी कुंकवासारखी लाल झाली. आणि रिकाम्याची? फिकटली! पूर्ण नाही, पण चांगलीच फिकटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं ते केवळ बघायला बरं वाटत होतं म्हणून. मी सिंकपाशी उभी राहून एकटीच हसले, आणि तेवढ्यात नेमकी अनुप्रिता आत आली.

"काय गं, आज खुशीत? गुळव्यानं काही कमाल केली वाटतं?"

"शनिवारी कळेल."

"मला आत्ता सांग ना!"

"शनिवारी," मी म्हटलं, आणि नळ्यांवर हात धरला.

शनिवारपर्यंत माझा पाय जमिनीवर नव्हता. आंघोळ करताना वाक्यं जुळवत होते. 'माझा कुणावर व्यक्तिशः रोख नाही, पण' असं सुरू करायचं ठरलं होतं. व्यक्तिशः रोख नाही! अरे देवा.

मीटिंगला मी पहिला नंबर मागून घेतला. फळ्याशी गेले. खडूनं अनुप्रिताचा खांब काढला, गेल्या वेळच्या आलेखावरून, आणि त्याच्या शेजारी रिकाम्याचा काढला. तो तिच्यापेक्षा खुजाच होता, तिच्या चौथाईएवढा. पण होता. शून्य नव्हता.

"माझा कुणावर व्यक्तिशः रोख नाही," मी सुरू केलं, "पण आपण ज्याला नवीन एन्झाइमचं काम म्हणतोय, त्यात ई. कोलायचं स्वतःचं काम मिसळलंय. हा रिकाम्याचा आकडा. तिनं हा कंट्रोल लावलेलाच नाही. ज्यानं एवढं साधं बघितलं नाही, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? जर्मनीत जाऊन आपल्या लॅबची शोभा व्हायला नको."

हे शेवटचं वाक्य आंघोळीत ठरलेलं नव्हतं. ते आपसूक आलं.

मी अनुप्रिताकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! तीन वर्षांत एवढं वाटलं नव्हतं. ती फळ्याकडं बघत होती. तिच्या खांबाकडं नाही, दुसऱ्याच खांबाकडं, रिकाम्याच्या. मग माझ्याकडं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "कुमुदिनी, दोन मिनिटं बाहेर बोलूया का?"

"का? बाहेर काय आहे?"

"नाही, म्हणजे... आपण दोघीच आधी बोलू. प्लीज."

"काही नको. जे काय असेल ते इथंच, सगळ्यांसमोर."

"अगं, ऐक ना माझं."

"सर, बघा," मी म्हटलं, "उत्तर नाही म्हणून बाहेर चला म्हणते."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. "बोल, अनुप्रिता. इथंच बोल."

ती उठली. खाली बघतच तिनं विचारलं, "रिकामा म्हणून कुठला ई. कोलाय घेतलास तू?"

"आपला नेहमीचा. शेकरशेजारच्या रॅकमधला. सगळेच तो घेतात."

"मी तो वापरलेला नाही. माझं एन्झाइम दुसऱ्यात केलंय. पुण्याहून येताना आणला होता मी. त्याच्यातला ट्रिप्टोफॅनचा जीन काढून टाकलेला आहे. त्याला स्वतःला ते बनवताच येत नाही, वरून द्यावं लागतं. नाहीतर उपाशी मरतो बिचारा. त्याचा रिकामा मी तपासलाय, नळी लालच राहते, अगदी शून्य. पुढच्याच स्लाइडवर होतं. पण सरांना भूक लागली."

संग्राम फसकन हसला.

मी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. मी मनात म्हणत होते, ठीक आहे, माझा वार चुकवला तिनं, पुढच्या वेळी बघू. खरं काय झालंय ते अजून माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. अनुप्रितानं पुढं काही विचारलं नाही. ती खाली बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. विचारलं ते सरांनी, आणि अगदी हळू विचारलं.

"पोरी, तुझा गुळव्या कुठल्या जंतूत केलायस?"

"नेहमीच्या."

"आणि त्याचा आकडा किती?"

माझा आकडा मला पाठ होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. पण तो सांगायची गरजच पडली नाही. अनुप्रिताच्या चौथाई. तीच तर चौपट चौपट म्हणून माझी आग होत होती ना? फळ्यावर माझ्याच हातानं, पट्टी लावून, मी रिकाम्याचा खांब काढला होता. गुळव्याचा खांब त्याच उंचीचा होता. खडूची जाडी इकडं तिकडं.

म्हणजे गुळव्या काहीच करत नव्हता. जेलवर ही जाड पट्टी दिसायची ती नुसती पोचट दाण्यांची रास. तीन वर्षं मी ई. कोलायचंच काम माझ्या एन्झाइमच्या नावावर मांडत होते, आणि ते शोधून काढलं कुणी? मीच. खणताना एवढं मन लावून खणलं, की खड्डा कुणाच्या मापाचा ते बघितलंच नाही.

"उकळलेल्या रसाचा कंट्रोल लावायचास तू नेहमी," सर म्हणाले. "रस उकळला की गुळव्या मरतो आणि ई. कोलायचंही मरतं. दोन्ही शून्य. मलाही ते दिसायला पाहिजे होतं. मी तुला डबा उघडू देत राहिलो."

त्या दिवशी डबा कुणी उघडला मला माहीत नाही. मी बाहेर पोर्चमध्ये जाऊन उभी होते.

मागून अनुप्रिता आली. तिच्या हातात एक छोटी कुपी होती.

"हा घे. उपाशी जंतू. तुझा जीन यात घालून बघ. रसाचे आकडे काय, कमी-जास्त होतात. हा मात्र खोटं बोलत नाही. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवर ठेवायचा. तुझ्या एन्झाइमनं त्याला जेवायला घातलं तर जगेल. अजून काही संपलेलं नाही, कुमुदिनी. हवं तर मी मदत करते."

"येतं मला."

"हो, येतंच तुला. तुझ्याइतकं कुणालाच..."

"दे इकडं."

कुपी घेतली. घ्यावी लागली. एखादीच्या तोंडावर दार आपटावं आणि मग तिच्याच दारात वाटीभर पीठ मागायला जावं, तशी माझी गत झाली होती. आभार मानले नाहीत. जीभच वळली नाही, काय करू? आणि मनात काय आलं सांगू? ही मला मदत का करते? हिला माझी भीती कशी वाटत नाही? माझ्यावर एकदाही जळावंसं हिला वाटू नये, एवढी का मी टाकाऊ?

प्लेट एकच केली. मागं मार्करनं रेघा मारून तिचे तीन भाग पाडले. एकात नुसता उपाशी जंतू, एकात तिच्या जीनचा, एकात माझ्या गुळव्याचा. मी सोडून प्लेटला कुणी हात लावायचा नाही, असं सरांचं फर्मान होतं. "तिचाच हात लागू दे," म्हणाले. मी प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि देवाला हात जोडले. आमच्या अंबाबाईला काय काय ऐकावं लागत असेल! गुळव्या जगू दे, म्हटलं. आणि जमलं तर तिचा मरू दे. दोन्ही मागितलं. देवीपुढं कशाला खोटं बोलू?

मधल्या दिवसांत मी इन्क्युबेटर उघडून बघितलं नाही. संग्राम म्हणायचा, "अगं, एकदा बघ तरी." मी म्हणायचे, शनिवारी. अण्णांचा फोन आला, तारीख कळली का म्हणून. त्यांनाही म्हटलं, शनिवारी.

शनिवारी प्लेट सरांच्या टेबलावर आली. सरांनी झाकण काढलं आणि उजेडाकडं धरली. पहिला भाग रिकामा, तो तसाच असायचा होता. दुसऱ्या भागात पांढऱ्या ठिपक्यांची नुसती खिरापत सांडलेली. अनुप्रिताच्या एन्झाइमनं उपाशी जंतूला पोटभर जेवू घातलं होतं. तिसरा भाग माझा. मी अगदी नाक लावून बघितलं, तिरकं धरून बघितलं. एक, निदान एक ठिपका! स्वच्छ होतं सगळं. घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखं.

सर खुर्चीत बसले.

"जर्मनीला अनुप्रिता जाईल," ते म्हणाले. "मी आज कळवतो."

मी मान हलवली. रडले नाही. इचलकरंजीच्या बायका चारचौघांत रडत नाहीत, घरी जाऊन भांडी आपटतात.

मग सरांनी डबा पुढं ओढला. मी अनुप्रिताच्या खटक्याची वाट बघत खाली मान घालून बसले. डबा टेबलावरून सरकत आला आणि माझ्यासमोर थांबला.

"कुमुदिनी, उघड."

"सर, थट्टा करू नका."

"थट्टा कसली?" सर चिडलेच. "या आठवड्यात काय टिकलं सांग. अनुप्रिताचं गेल्या वेळीच टिकलं होतं. या आठवड्यात एकच गोष्ट टिकली. तुझा रिकामा. चौघांनी ढोसला, प्लेटवर ढोसला, हलला नाही. त्यानं तुझंच काम पाडलं, त्याला मी काय करू? नियम नियम आहे. उघड."

मी कडीला हात घातला. इतक्या शनिवारी ज्या खटक्यासाठी जीव टाकला, तो माझ्या बोटांखाली वाजला. वरच्या खणात सांज्याच्या पोळ्या होत्या, वर तुपाचा हात फिरवलेल्या. काकूंनी जर्मनीला जाणाऱ्यासाठी म्हणून मुद्दाम केल्या होत्या. कुणाचं नाव निघणार हे काकूंना कुठं माहीत होतं?

मी मान वर केली. समोर अनुप्रिता. तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी! तेवढं मात्र मला सहन झालं नाही. मी सगळ्यात वरची पोळी उचलली, अख्खी, आणि तिच्याकडं बघत बघत शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. कशी लागली ते काही आठवत नाही. टाकली मात्र नाही.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "आता पेठेत काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, सूत तुटलं." मागवाल्याला एवढं पुरतं. ते म्हणाले, "बरं. जोडून घे." पुढं दुसऱ्या एन्झाइमवर मी पीएच.डी. केली. उशिरा झाली, पण झाली.

आता सांगलीत माझी स्वतःची लॅब आहे. शनिवारची मीटिंग आहे, आणि डबाही आहे, माझ्या घरचा. अनुप्रिता तिकडंच राहिली. तिचं ते गरम झऱ्याचं एन्झाइम आता कंपनीतून बनून जगभर जातं. थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, वर 'फक्त संशोधनासाठी' असा शिक्का. माझ्याकडंही येतं, कारण तेवढं चांगलं दुसरं मिळत नाही. मिळत असतं तर घेतलं असतं.

दिवाळीला तिचा मेसेज येतो. शुभेच्छा, खाली हसरा चेहरा, आणि एक प्रश्न: 'नवा लॉट तपासलास का?' दर लॉट मी तपासते, आणि का तपासते, हे तिला पक्कं माहीत आहे.

परवाच नवीन खोकं आलं. आफरीन मुजावर म्हणून माझी विद्यार्थिनी आहे. ती म्हणाली, "मॅडम, कंपनीचा माल आहे, सगळं जग वापरतंय. दर वेळी कंट्रोल कशाला?"

"लाव म्हटलं की लाव. उपाशी जंतूचा रिकामाही लाव. त्याच्या प्लेटवर हे एन्झाइम आणि इंडोलही पसरून बघ."

नळ्या ओळीनं मांडल्या. रंगाचं औषध मी माझ्या हातानं टाकलं, ते काम मी कुणाला देत नाही. रिकाम्याची नळी लालभडक. तिची नळी फिकी, पाण्यासारखी. प्लेटवर पांढऱ्या ठिपक्यांची खिरापत. मी भिंग घेऊन बघितलं, तिरकं धरून बघितलं. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा चुकावं ना माणसानं!

"टिकलं, मॅडम," आफरीन म्हणाली.

"टिकतंय मेलं," मी म्हटलं.

शनिवार होता. सगळे डब्याभोवती बसले आणि मी उघडायला कुणाला सांगते म्हणून माझ्या तोंडाकडं बघायला लागले. त्या आठवड्यात बाकी कुणाचंच काही टिकलेलं नव्हतं. नियमानं मान अनुप्रिताचा होता. आता ती बसलीय जर्मनीत, म्हणून कडी मीच उघडली. वरच्या खणात सांज्याच्या पोळ्या होत्या. तिच्या वाटणीची मीच खाल्ली.